पडद्यामागचं पाणी आणि सहीचा कागद

प्रश्न : नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. मुलगा सहा वर्षांचा, यंदा पहिलीत. दिवाळीनंतर बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं, ‘लक्ष देत नाही, दोन-दोनदा हाक मारावी लागते.’ घरी टीव्हीचा आवाजही तो वाढवतच असतो. गावातल्या डॉक्टरांनी सर्दीचं सिरप दिलं, तीन वेळा अँटिबायोटिक दिलं. शेवटी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. मशीनवर तपासून म्हणाले, दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी आहे, ऐकणं ३० डेसिबलवर आलंय. तिथं याच आजाराचा एक अभ्यास चालू आहे. अर्ध्या मुलांना नाकानं फुगवायचा फुगा देतात, अर्ध्यांना नुसतं थांबायला सांगतात, आणि कुणाला काय ते चिठ्ठीवर ठरतं. चार पानांचा कागद सहीसाठी दिलाय. सासरे म्हणतात, ‘पोरगं काय उंदीर हाय का प्रयोग करायला?’ हे म्हणतात, ‘नळी बसवून टाकू, एकदाचं मिटंल.’ सासूबाई लसणीचं तेल घालायच्या तयारीत आहेत. मी कुणाचं ऐकू? शिवाय उन्हाळ्यात त्याला विहिरीवर पोहायला शिकवायचं ठरलंय, ते चालेल का?
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, सहीचं नंतर बघू. आधी ते तेल फडताळात परत ठेवा. मुलाचं पाणी पडद्याच्या आत आहे आणि कानात ओतलेलं तेल बाहेरच राहतं. पडदा शाबूत असेल तर त्यातला थेंबही आत जात नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र जातो, आणि मग कान वाहायला लागतो. तेल जास्त गरम असेल तर कानाची कातडी पोळते. शिवाय तेलात मळ भिजून बसला की पुढच्या तपासणीला डॉक्टरांना पडदाच दिसत नाही. सासूबाईंना हे शेवटचं कारण सांगा, ते पटकन पटतं.

आता पाणी आलं कुठून ते बघू. नाकाच्या मागच्या बाजूपासून पडद्याच्या आतल्या पोकळीपर्यंत शरीराचीच एक बारीक नळी जाते (यजमान म्हणतात ती बसवायची नळी वेगळी, ती पुढे येईल). आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि आत ताजी हवा जाते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीनं किंवा नाकामागची अडेनॉइडची गाठ सुजल्यानं ती बंद राहिली, की आतली हवा हळूहळू शोषली जाते आणि तिच्या जागी पाणी झिरपतं. काही आठवड्यांत ते खळीसारखं चिकट होतं. ताप नसतो, ठणका नसतो, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. पखवाजाच्या धुमावर, म्हणजे डाव्या तोंडावर, कणीक थापली की त्याचा नाद बदलतो, तसं या जड पाण्यानं पडद्याचं हलणं बदलतं. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक मुलांना हे एकदा तरी होऊन जातं.

३० डेसिबल (आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी) म्हणजे बहिरेपणा नव्हे. समोर बसून नेहमीच्या आवाजात बोललात तर त्याला कळेल. पण कुजबुज, मागच्या बाकावर पोचणारा बाईंचा आवाज, पंखा चालू असताना वाचलेलं शुद्धलेखन, यातलं बरंच निसटतं. ‘लक्ष देत नाही’ म्हणतात ते हेच. त्याला रागावू नका.

तुमच्याकडे दोन अहवाल असतील. एकावर खुणा मांडलेल्या आहेत, तो ऐकण्याचा. दुसऱ्यावर एक रेघ आहे, ती पडद्याच्या हालचालीची. कानात बोंडूक बसवून मशीन हवेचा दाब कमी-जास्त करतं आणि पडदा किती हलतो ते काढतं. निरोगी कानात रेघेला मधोमध डोंगर येतो. तुमच्या मुलाची रेघ सपाट असणार, तिला ‘बी’ प्रकार म्हणतात. पण नुसती सपाट रेघ वाचू नका, तिच्या शेजारी कानाच्या पोकळीचं माप छापलेलं असतं. मुलांत ते साधारण ०.३ ते १ मिलिलिटर असतं. रेघ सपाट आणि माप नेहमीचं, तर पडद्यामागे पाणी. रेघ सपाट आणि माप बरंच मोठं, तर पडद्याला भोक असू शकतं. रेघ सपाट आणि माप अगदीच कमी, तर आड मळ आलाय किंवा बोंडूक कानाच्या भिंतीला टेकलंय, आणि तपासणी पुन्हा करायला हवी. मूल रडत असेल, बोलत असेल तरी रेघ बिघडते. सही करायच्या आधी हे माप एकदा डॉक्टरांना विचारा. मुळातच अहवाल चुकीचा असेल तर पुढचं सगळंच चुकतं.

आता चिठ्ठीचं. सासऱ्यांचा खरा राग तिच्यावर असणार. डॉक्टरांना ठाऊक असेल तर सरळ द्यावं, चिठ्ठ्या कसल्या टाकता? अडचण अशी की हे पाणी पुष्कळ मुलांत आपोआप ओसरतं. त्यामुळे वाट बघायच्या तीन महिन्यांत मुलाला काहीही द्या, तेल, सिरप, अंगारा, बऱ्याच आयांना गुण आला असंच वाटणार. खरा गुण कशाचा, हे कळायला दोन सारखे गट लागतात. एकाला उपाय द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि दोघांना एकाच ऋतूत, एकाच मशीनवर तपासायचं. ऋतू महत्त्वाचा आहे, कारण थंडीत सर्दी वाढते तशी पाण्याची मुलंही वाढतात आणि उन्हाळ्यात घटतात. डिसेंबरात फुगा दिला आणि एप्रिलात पाणी गेलं तर श्रेय फुग्याचं की उन्हाचं? कोणतं मूल कुठल्या गटात, हे डॉक्टरांनी मनानं ठरवलं तर नकळत जरा बरी मुलं एका बाजूला जातात. म्हणून ते आधीच तयार केलेल्या यादीवर किंवा बंद पाकिटावर सोडतात. पाकीट आरपार दिसणारं नसावं आणि मूल अभ्यासात आल्यावरच उघडावं. पाकिटं टेबलावर उघडी पडलेली दिसली तर खुशाल विचारा.

हाच फुगा (नाकानं फुगवताना हवेच्या दाबानं ती नाकामागची बंद नळी उघडावी, हा त्याचा हेतू) ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर तपासला गेला. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी फुगा फुगवणाऱ्या मुलांपैकी ४९.६ टक्क्यांची रेघ सुधारली होती आणि नुसतं थांबलेल्यांपैकी ३८.३ टक्क्यांची. या आकड्यांची दोन्ही टोकं बघा. काहीही न करता शंभरातली अडतीस मुलं सुधारली. फुगा फुगवूनही जवळपास निम्मी तशीच राहिली. साधारण नऊ मुलांनी तीन महिने नेटानं फुगवला तर त्यातल्या एकाला फुग्यामुळे जास्तीचा फायदा, असा हा हिशेब आहे. उपाय छोटा आहे, पण स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. असला उपाय आपल्याकडच्या मुलांत, आपल्याकडच्या धुळीत आणि हंगामात तपासून बघावा असं कुणाला वाटलं, तर त्यात वावगं काही नाही.

तुलना न करता घेतलेल्या उपायांचं काय होतं, ते तुमच्या घरातल्या बाटल्यांवरून कळेल. सर्दीचं सिरप या पाण्यावर चालत नाही, हे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तरी तेच निघालं. मुलाला गुंगी तेवढी येते. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात तपासला गेला. महिन्याभरानं फवाऱ्याच्या गटात ४१ टक्के मुलं बरी आणि खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, फवाऱ्याच्या गटात ४५ टक्के. म्हणजे पाण्यासाठी फवारा नको. ॲलर्जीची शिंक, खाज असेल तर त्यासाठी तो वेगळा. पोटातून सात दिवस स्टिरॉइड देऊन २ ते ८ वर्षांच्या ३८९ मुलांवर इंग्लंड-वेल्समध्ये अभ्यास झाला, २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. पाच आठवड्यांनी ऐकणं पुरेसं सुधारलेली मुलं ४० टक्के आणि खोट्या औषधावरची ३३ टक्के. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. आणि अँटिबायोटिक. मुलाला तीनदा देऊन झालं. कान ठणकत नसेल, ताप नसेल, कान वाहत नसेल तर या पाण्यासाठी चौथ्यांदा देऊ देऊ नका.

मग नळीच का नाही? तुमच्या यजमानांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पडद्याला बारीक छेद देऊन पाणी ओढून घेतात आणि त्या छेदात मण्याएवढी नळी बसवतात. तिला ग्रोमेट म्हणतात. अमेरिकेत आर्मस्ट्राँग या कानाच्या डॉक्टरांनी १९५४ साली ती पुन्हा वापरात आणली आणि तेव्हापासून मुलांवर होणाऱ्या नेहमीच्या शस्त्रक्रियांत तिची गणना होते. ऐकणं त्याच दिवशी सुधारतं. पण पूर्ण भूल द्यावी लागते. नळी सहा महिने ते वर्षभरात, कधी थोडं उशिरा, आपोआप बाहेर पडते, आणि ऐकण्यातला फायदा मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत दिसतो. कारण तोवर न बसवलेली मुलंही त्यांना गाठतात. काही मुलांचा कान नळीतून वाहतो, पडद्यावर पांढरे डाग राहतात, थोड्या मुलांत नळी पडल्यावरही भोक बुजत नाही.

थांबल्यानं मुलाचं नुकसान होतं का, हा प्रश्नही तपासला गेलाय. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये तीन वर्षांखालच्या, पाणी टिकून राहिलेल्या ४२९ मुलांचे चिठ्ठीनं दोन गट केले. एकाला लगेच नळी, दुसऱ्याला सहा ते नऊ महिने थांबून, तेव्हाही पाणी असेल तरच. वयाच्या तिसऱ्या वर्षी बोलणं, समज, वागणं यांत फरक दिसला नाही. तीच मुलं नऊ ते अकरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हाही नाही. हे २००१ आणि २००७ साली प्रसिद्ध झालं. ती मुलं बाकी निरोगी होती आणि तुमच्या मुलापेक्षा लहान, एवढं ध्यानात ठेवून हे वाचा. पण तीन महिने थांबल्यानं मुलाचं डोकं मागे पडेल, ही भीती त्यातून नक्की कमी होते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तर तीन महिने मोजायला आत्ताच सुरुवात झालीय. शाळेत बाईंना दिवाळीपासून दिसत होतं हे खरं, पण मशीनवरची नोंद डिसेंबरची एकच आहे. मार्चच्या मध्यावर पुन्हा दोन्ही तपासण्या करा. दोन्ही कानांत तेव्हाही पाणी असेल आणि त्यातल्या चांगल्या कानाचं ऐकणंही २५-३० डेसिबलच्या पुढे गेलेलं असेल, तर नळीचं बोलणं योग्य. तेव्हा यजमानांनी आग्रह धरला तर आम्ही त्यांच्या बाजूला. रात्री घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं असेल तर त्याच भुलेत अडेनॉइड काढायचं का, तेही विचारा. साडेतीन ते सात वर्षांच्या मुलांवरच्या ब्रिटिश अभ्यासात नळीबरोबर अडेनॉइड काढल्यावर ऐकण्याचा फायदा जास्त काळ टिकल्याचं दिसलं. ऑपरेशन नकोच असेल तर काही महिन्यांपुरतं श्रवणयंत्र हाही मार्ग आहे. आपल्याकडे लोक त्याला लाजतात, तो भाग वेगळा.

आता तो चार पानांचा कागद. त्यात दोन गोष्टी असतात, माहितीपत्रक आणि संमतीपत्र. मराठीत आहे ना? इंग्रजी प्रत देऊन ‘इथं सही’ म्हणत असतील तर तिथंच थांबा. घरी नेऊन वाचायला मिळायलाच हवा आणि सही केल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता असली पाहिजे आणि समितीच्या कुणाला फोन करायचा तो नंबर कागदावर असला पाहिजे. तो फक्त डॉक्टरांचाच असेल तर अर्धवट आहे, कारण तक्रार डॉक्टरांबद्दलच असेल तर? दुसरा नंबर बघा सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा. भारतात रुग्णांवर उपायाची चाचणी घ्यायची तर आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) या नोंदवहीत ती आधी नोंदवावी लागते. २००७ साली ही नोंदवही सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिलं मूल घेण्यापूर्वीच नोंद झालेल्या चाचण्याच तिथं स्वीकारतात. नंबरात सुरुवातीला सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे असतात. घरात कुणी मोबाइलवर बघणारं असेल तर फुकट उघडतं. किती मुलं घेणार, शेवटी काय मोजणार, सगळं तिथं लिहिलेलं असतं.

‘काय मोजणार’ हे नीट वाचा. नुसती सपाट रेघ गेली की नाही एवढंच मोजणार असतील तर आमच्या मते अभ्यास अर्धाच. आईला रेघेशी काय देणंघेणं? मुलाला ऐकू येतंय का, हे मोजायला हवं. दोन्ही गटांची तीन महिन्यांनी ऐकण्याची तपासणी आहे का ते विचारा, आणि ती करणाऱ्या माणसाला मूल कुठल्या गटातलं हे माहीत असतं का, हेही. माहीत असेल तर कळत-नकळत हात झुकतो.

मेडिकल कॉलेजात असे बरेच अभ्यास एम.एस. करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध म्हणून होतात. त्यात कमीपणा नाही, उलट तो विद्यार्थी तुमच्या मुलाला जास्त वेळ देईल. पण मुलांची संख्या बघा. दोन्हीकडे तीस-तीस मुलं असतील तर वरचा ३८ आणि ५० टक्क्यांचा फरक म्हणजे प्रत्यक्षात तीन-चार मुलं. त्यातली दोन बेदाण्याच्या हंगामात तपासणीला आलीच नाहीत की निकाल फिरला. असला फरक ठामपणे सांगायला काही शे मुलं लागतात.

इथं तुमचा भाग येतो. तीन महिन्यांची तारीख मार्चच्या मध्यावर पडणार, म्हणजे तुमच्याकडे द्राक्षं उतरवायची आणि शेडवर बेदाण्याची ऐन घाई. अभ्यास बिघडतात ते बहुतेक वेळा अशाच ठिकाणी. मूल बरं झालं म्हणून आई येत नाही, बरं झालं नाही म्हणून दुसरीकडे जाते, आणि मधल्यांवरून निष्कर्ष निघतो. तेव्हा आत्ताच सांगा की मार्चमध्ये आम्हाला अमुक आठवडा जमेल, आणि एसटीचं भाडं मिळतं का तेही विचारा. अभ्यासासाठीच्या जास्तीच्या तपासण्यांचे आणि फुग्याचे पैसे तुमच्याकडून घेऊ नयेत. अभ्यासामुळे काही इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हे वाक्य कागदावर हवं. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे पुढच्या उपचारात फरक पडत नाही, हेही हवं. तुमचा मुलगा सातच्या आतला आहे, त्याची वेगळी संमती लिहून घेत नाहीत (सात ते बारापर्यंत तोंडी घेतात). पण फुगा त्याच्या नाकात जाणार आहे, तेव्हा त्याला दाखवून, समजावून घ्या.

आणि एक गोष्ट सहीपूर्वीच मनाशी ठरवा. चिठ्ठी ‘थांबा’ची निघाली तर तुम्ही घरी गुपचूप फुगा आणणार का? आणणार असाल तर अभ्यासात जाऊच नका. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तोच फुगा डॉक्टरांना विचारून अभ्यासाबाहेरही वापरता येतो. आत राहून लपवलंत तर तुमच्या मुलाचं काही जात नाही, पण शेवटचा आकडा खोटा पडतो आणि तो पुढे दुसऱ्याच्या मुलाला लावला जातो. वरच्या गोष्टी कागदावर असतील, दोन्ही गटांना तीन महिन्यांनी तपासणार असतील आणि गरज पडली तर नळीचा रस्ता बंद होत नसेल, तर आमच्या मते सही करायला हरकत नाही. सासऱ्यांना सांगा, उंदराला कुणी कागद वाचायला देत नाही आणि मधूनच घरी जाऊही देत नाही.

फुगा निघाला तर तो बरोबर फुगवा, कारण बरीच मुलं चुकीचाच फुगवतात. साधा जत्रेतला फुगा चालत नाही, तो कधी जास्त कडक, कधी फारच मऊ. या कामाचा फुगा ठरावीक दाबाला फुगतो आणि त्याला नाकपुडीत बसणारं बोंडूक असतं. नवा फुगा आधी तुम्ही तोंडानं एकदा फुगवून सैल करा. मग मुलाला ताठ बसवून नाक शिंकरायला लावा. बोंडूक एका नाकपुडीत घट्ट, दुसरी नाकपुडी बोटानं बंद, ओठ मिटलेले. आता नाकानं हवा सोडायची, फुगा मोठ्या मोसंबीएवढा होईपर्यंत. मग दुसरी नाकपुडी. असं दिवसातून तीनदा. गाल फुगले की समजा हवा तोंडात अडकलीय. गालांवर त्याचेच दोन्ही तळवे ठेवायला सांगा आणि नाकपुडी तुम्ही धरा. नाकानं फुंकायचं जमतच नसेल तर ताटात कापसाचा बोळा ठेवून तो नाकाच्या फुंकरीनं पलीकडे ढकलायची शर्यत दोन दिवस लावा. कानात ‘टक’ झालं तर नाकामागची नळी उघडली म्हणून आनंद माना, नाही झालं तरी चालू ठेवा. एक फुगा साधारण वीस वेळा फुगवला की सैल पडतो आणि मग दाब मिळत नाही, म्हणजे आठवड्यात दोन तरी लागतात. दवाखान्यानं तीन महिन्यांसाठी दोनच दिले तर परत मागा. कान ठणकत असेल, घोळणा फुटला असेल, जाड पिवळी सर्दी असेल तर ते दिवस बंद. रबराची ॲलर्जी असेल तर नकोच. धाकटं भावंड असेल तर फुगा वर ठेवा, लहानगी गिळतात आणि गुदमरतात. दहा-बारा दिवसांनी मुलगा कंटाळणार हे नक्की. सकाळी दात घासल्यावर, शाळेतून आल्यावर, झोपताना, अशा ठरलेल्या कामांना जोडून टाका आणि कॅलेंडरवर फुलीसाठी पेन त्याच्याच हातात द्या.

‘थांबा’ निघालं तरी घरात काम आहेच. बाईंना चिठ्ठी लिहून पुढच्या बाकावर, खिडकी-पंख्यापासून लांब बसवायला सांगा. त्याच्याशी बोलताना टीव्ही बंद, तीन-चार फुटांवर समोर येऊन, आधी नाव घेऊन मग वाक्य. स्वयंपाकघरातून ओरडू नका. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती अंगणातही मुलाजवळ नको, कारण त्या धुराचा आणि या पाण्याचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. बेदाण्याला गंधकाची धुरी देता त्या शेडकडे त्याला फिरकू देऊ नका. गंधकाच्या धुरानं नाक चरचरतं आणि सुजतं.

मार्चची वाट न बघता लगेच दाखवायचं ते असं : कानातून घाण वासाचा पू, कानामागे लाल सूज, तापाबरोबर जोराचा ठणका, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, चालताना तोल जाणं, किंवा बोलणं स्पष्ट असलेलं मूल बोबडं व्हायला लागणं. वासाचा पू येतो त्या कानात कधी कधी हाड कुरतडणारा आजार असतो, आणि त्याला फुगा, थांबणं, अभ्यास काहीच लागू नाही. टाळूला फट असलेली किंवा डाउन सिंड्रोम असलेली मुलं, आणि आधीपासून कायमचं कमी ऐकणारी मुलं यांचा हिशेब वेगळा असतो. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

राहिलं पोहणं. नळी बसवलेली नसेल तर विहिरीचं पाणी पडद्याच्या आत जात नाही, तेव्हा पाठीला डबा बांधून वरच्या वर हात-पाय मारायला हरकत नाही. फक्त काठावरून मुटके आणि तळाला सूर नको, कारण नाकामागची नळी बंद असताना खोल पाण्याचा दाब कानाला सोसत नाही, ठणका लागतो. सर्दी असेल त्या दिवशी घरी. मार्चनंतर नळी बसलीच तर पहिले दोन आठवडे पाण्यात नाही, आणि पुढेही विहिरीत बुडी नाही. डोक्यावरून आंघोळ घालताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवायचा, कारण साबणाचं पाणी नळीतून साध्या पाण्यापेक्षा सहज आत उतरतं. एवढं करूनही ताप-बीप नसताना कान वाहिलाच तर पोटातल्या अँटिबायोटिकच्या बाटलीआधी कानातले थेंब मागा. नळीतून कान वाहणाऱ्या २३० मुलांवर नेदरलँड्समध्ये हे तपासलं, २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. दोन आठवड्यांनी अँटिबायोटिक-स्टिरॉइडचे थेंब घातलेल्यांपैकी ५ टक्के मुलांचा कान अजून वाहत होता, पोटातून औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांचा आणि नुसतं थांबलेल्यांपैकी ५५ टक्क्यांचा. थेंब मात्र नळी बसवलेल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलेच घाला. दुकानातल्या काही थेंबांतली औषधं पडद्याच्या आत गेली तर ऐकण्याच्या नसेला बाधतात.